स्क्रीनवर सोनं, फ्लेक्सवर हळद: चित्रातली धातूची चमक येते कुठून?

गणपती जवळ आले की सांगलीतल्या फ्लेक्सच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटर सुरू असतात. मंडळाचं नाव, स्थापनेचं वर्ष, देणगीदारांचे फोटो असं मॅटर येतं आणि त्यासोबत ठरलेली सूचना येते: "नाव सोनेरी पाहिजे, एकदम चकाकणारं." कॉम्प्युटरवर ते नाव खरंच चकाकतं. मंडळाची पोरं खूश होऊन जातात. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स चौकात चढतो आणि तेच नाव सपाट, हळदी रंगाचं दिसतं. मग मशीन खराब, शाई हलकी, ऑपरेटरने फसवलं, असे निष्कर्ष निघतात. बऱ्याचदा यातलं काहीच खरं नसतं.

फ्लेक्स करून घेणाऱ्यांना हे का होतं ते कळावं आणि नुकतंच फोटोशॉप शिकू लागलेल्या मुलामुलींना ते टाळता यावं, म्हणून हे लिहितो आहे. सोन्याची पारख आपल्या जिल्ह्याला नवी नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरली आहेत. खऱ्या सोन्याकडे ती ज्या बारकाईने बघतात, तसं बघायची सवय चित्रातलं सोनं काढायलाही लागते.

धातू स्वतःपेक्षा आजूबाजूचं जास्त दाखवतो

स्टीलचा पेला घ्या आणि खिडकीसमोर धरा. त्यावर एक उभी पांढरी पट्टी दिसेल. ती खिडकी आहे. तिला अगदी चिकटून एक गडद, जवळजवळ काळा पट्टा असेल. तो खोलीतला अंधारा कोपरा, नाहीतर तुमचाच शर्ट. पुढे पुन्हा करडी पट्टी, ती भिंत. काठाजवळ हे सगळं दबून बारीक रेघा होतात. पेला थोडा फिरवून खिडकीपासून लांब न्या, सगळे पट्टे बदलतात. आता शेजारी मातीची पणती ठेवून बघा. तिच्यावर खिडकीकडची बाजू उजळ आणि तिथून मागे जाताना हळूहळू काळोख. पट्टा एकही नाही.

मातीवर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखुरतो, त्यामुळे पणती आपला मातकट रंग दाखवते. धातूमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात. ते उजेडाला आत शिरू देत नाहीत, पृष्ठभागावरूनच परत पाठवतात. चांदी डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत फेकते. साधं चकचकीत प्लास्टिक समोरून पाहिलं तर जेमतेम ४ टक्के. म्हणून गुळगुळीत धातूला आपलं असं "रूप" फारसं नसतंच. समोर जे असेल ते तो वाकवून, दाबून, ताणून दाखवतो.

सोन्याची आणखी एक खासियत आहे. ते लाल आणि पिवळा उजेड भरपूर परत पाठवतं, पण निळ्यातला निम्म्याहून जास्त भाग गिळून टाकतं. त्यामुळे सोन्यात दिसणारी खिडकीसुद्धा पिवळसर येते. पिवळ्या प्लास्टिकच्या बादलीवर मात्र खिडकीचा ठिपका पांढराशुभ्र असतो. नवशिक्यांचं सोनं प्लास्टिकसारखं दिसण्याचं पहिलं कारण हेच: अक्षरावर जागोजागी शुद्ध पांढरे ठिपके मारलेले असतात. सोन्याचा उजळ भाग सायीच्या रंगाचा हवा. अगदी पांढरा ठेवायचाच तर सुईच्या टोकाएवढा, एखाद्याच कोपऱ्यावर.

मग सॉफ्टवेअरमध्ये "गोल्ड" नावाचा रंग असतो तो कसला?

असतो. वेबसाइटसाठी ठरवलेल्या रंगांच्या यादीत तो आहे: लाल २५५, हिरवा २१५, निळा ० (प्रत्येकाचं माप ० ते २५५, पुढचे आकडेही याच क्रमाने). तो अक्षरात भरून बघा. लख्ख पिवळं अक्षर मिळेल, धातूचा मागमूस नाही. कारण उघड आहे. एकच रंग भरला म्हणजे पट्टे नाहीत, आणि पट्टे नाहीत म्हणजे त्यात आजूबाजूचं काही दिसत नाही.

आता एखाद्या पाटलीचा किंवा गोठाचा चांगला फोटो उघडा आणि रंग टिपणारं ड्रॉपर घेऊन त्यावर फिरा. आपण ज्याला बिनधास्त सोनेरी म्हणतो, त्यात प्रत्यक्ष काय काय सापडतं ते पाहून चकित व्हाल. गडद भागात चॉकलेटी, ६०-३५-१० च्या जवळपास. मधल्या भागात मळकट पिवळा, १७०-१२०-४०. उजळ भागात २५०-२२५-१४०. आणि सगळ्यात झगझगीत ठिकाणी २५५-२५०-२२०, म्हणजे जवळजवळ पांढराच. आकडे फोटोनुसार बदलतील, क्रम बदलणार नाही.

पाटलीच्या आतल्या बाजूकडे खास लक्ष द्या. तिथे सोनं बाहेरच्यापेक्षा तांबूस दिसतं. तिथला उजेड सोन्यावरून सोन्यावर आपटत येतो. प्रत्येक वेळी त्यातला निळा आणखी कमी होतो, मग थोडा हिरवाही. म्हणून सोन्याची सावली लालसर तपकिरीकडे झुकते. ही एक गोष्ट ज्याला दिसली त्याचं काम इतरांपेक्षा वेगळं उठून दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

हे कळलं की एक जुना दोष आपोआप सुधारतो. सॉफ्टवेअरमध्ये सावलीचा रंग सहसा काळा ठेवलेला येतो. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळी छटा येते. अनेक फ्लेक्सवरचं सोनं हिरवट, आजारी दिसतं ते यामुळे. सावलीचा रंग काळ्याऐवजी गडद तांबूस तपकिरी करा. एवढ्या एका बदलात निम्मं काम होतं.

डिझायनर प्रत्यक्षात काय काढतो?

तो धातूसमोरची जागा काढतो. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत क्रोमची, म्हणजे आरशासारख्या पांढऱ्या धातूची अक्षरं असायची ती आठवा. वर फिकट निळा, खाली येत पांढरा, मग एकदम काळपट आडवी रेघ, आणि तिच्याखाली तपकिरी उजळत जाणारा. ते दुसरं काही नाही, मोकळ्या माळावर ठेवलेल्या धातूत दिसणारं आभाळ, क्षितिज आणि जमीन. आपल्याकडे दुष्काळी पट्ट्यात, आटपाडीकडे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या टँकरच्या चकचकीत हबकॅपमध्ये दुपारी हेच चित्र दिसतं. त्यातली मधली काळी रेघ काढून टाकली तर क्रोमचं क्रोमपण जातं. उजळाला गडद चिकटून असणं, हीच धातूची ओळख.

फोटोशॉप फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आलं. लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, त्यात १९९४ पासून आले, आणि थराला उठाव-सावली देणारे तयार इफेक्ट १९९८ मध्ये. त्याआधीचे कलाकार क्रोम कसं काढत? काळ्यावर पांढरं अक्षर लिहायचं, ते धूसर करायचं, म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत करड्याचा उतार तयार होतो. त्यावर प्रकाशाचा फिल्टर चालवून उठाव आणायचा. आणि मग कर्व्ह्ज उघडायचं.

कर्व्ह्ज हे टोन बदलण्याचं साधन आहे. त्यात एक तिरकी रेघ असते. चित्रातली मूळची काळोखी कुठे किती उजळ करायची, ते ती रेघ वाकवून सांगायचं. फोटो उजळ करताना आपण ती जराशी वर ओढतो. क्रोम काढणारे तिची लाट करत: वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. म्हणजे करड्याचा सलग उतार तुटून उजळ-गडद-उजळ-गडद असे पट्टे पडतात. पेल्यावर पाहिलेले पट्टे ते हेच. ही पद्धत आजही चालते. मोफत मिळणाऱ्या जिंप या सॉफ्टवेअरमध्येही चालते, कारण कर्व्ह्ज तिथेही आहे. शिकणाऱ्याने तयार बटणांकडे वळण्याआधी एकदा तरी अशी लाट हाताने ओढून बघावी.

तयार इफेक्टमधली कोणती बटणं खरी कामाची?

आजच्या फोटोशॉपमध्ये अक्षराच्या थरावर डबल क्लिक केलं की इफेक्टची मोठी यादी उघडते. तिच्यातले दोनच मनापासून समजून घ्या.

पहिला ग्रेडियंट ओव्हरले. ग्रेडियंट म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात जाणारी पट्टी. वर दिलेले चार रंग तिच्यात बसवा, पण समान अंतरावर नको. चॉकलेटी आणि सायीचा रंग एका ठिकाणी अगदी शेजारी आणा, बाकी ठिकाणी सैल सोडा. समान अंतराची पट्टी पडद्याच्या कापडासारखी दिसते.

दुसरा बेव्हल अँड एम्बॉस. हा अक्षराच्या कडा कापल्याचा भास देतो. त्यात "चिझल हार्ड" निवडलं तर कडा छिन्नीने तासल्यासारखी धारदार येते. इथेच ग्लॉस कंटूर नावाचा एक छोटा चौकोन आहे आणि बहुतेक जण त्याला हातच लावत नाहीत. तो उघडला तर आत तीच कर्व्ह्जसारखी रेघ दिसते. पृष्ठभागाचा उतार किती असला की किती उजळ दाखवायचं, हे ती ठरवते. सरळ रेघ म्हणजे मातीची पणती. लाट असलेली रेघ म्हणजे स्टीलचा पेला. बाकी सगळी मापं तशीच ठेवून फक्त हा चौकोन बदलला तरी प्लास्टिकचं अक्षर धातूचं होतं.

घासलेल्या, ओरखड्यांच्या धातूसाठी वेगळी युक्ती आहे: करड्या रंगावर एकरंगी नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, टाकायचा आणि मोशन ब्लरने तो एका दिशेला ओढायचा. गोल वस्तू असेल तर सरळ ओढून चालत नाही. स्टीलच्या ताटाचा तळ उजेडात धरून बघा. त्यावर गोल गोल बारीक रेषा असतात, पण चमक मात्र मध्यातून कडेकडे जाणाऱ्या दोन पाचरींसारखी दिसते. ओरखडे ज्या दिशेने असतात, चमक त्यांच्या आडव्या दिशेने ताणली जाते. म्हणून गोल वस्तूवर कोनाने फिरणारा ग्रेडियंट वापरायचा.

एकदा करड्यात धातू नीट जमला की रंग शेवटी द्यायचा. ग्रेडियंट मॅप हे साधन काळ्याच्या जागी एक रंग, पांढऱ्याच्या जागी दुसरा आणि मधल्या करड्यांना मधले रंग देतं. तेच अक्षर सोन्याचं, तांब्याचं, चांदीचं करता येतं. मी शिकणाऱ्यांना नेहमी आधी करड्यात काम करा असं सांगतो, कारण पिवळा रंग डोळ्याला फसवतो आणि पट्टे कमी पडलेत हे लक्षात येत नाही.

देवनागरीला हे का नीट बसत नाही?

इंटरनेटवरचे धडे रोमन अक्षरांवर शिकवतात. आपण "श्री गणेश" लिहिलं की गाडी अडते. याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली अडचण शिरोरेषेची. ग्रेडियंट वरून खाली सरळ असेल, तर सगळी शिरोरेषा त्याच्या एकाच पट्ट्यात सापडते. तो पट्टा उजळ असला तर नावावर ट्यूबलाइट लावल्यासारखी पांढरी रेघ येते, गडद असला तर शब्द वरून कापल्यासारखा वाटतो. ग्रेडियंट थोडा तिरका करा, ९० अंशांऐवजी ६०-७०. मग शिरोरेषेवरही उजेड-अंधार फिरतो.

दुसरी अडचण उकार-वेलांटीची. ग्रेडियंटला "अलाइन विथ लेअर" अशी खूण असते, म्हणजे पट्टी त्या थरातल्या मजकुराच्या उंचीवर ताणली जाते. "रमण" या नावाला वर-खाली काही नाही. "सूर्यकांती"ला खाली उकार, वर रफार आणि वेलांटी. उंची बदलली की पट्टे सरकतात, आणि एकाच फ्लेक्सवर शेजारच्या दोन नावांचं सोनं दोन तऱ्हेचं दिसतं. नवीन आवृत्त्यांत सगळी नावं एका ग्रुपमध्ये टाकून ग्रेडियंट त्या ग्रुपला देता येतो. मग पट्टी सगळ्या नावांवरून मिळून जाते.

तिसरी, बारीक अवयवांची. अनुस्वार, मात्रेचं टोक, पाय मोडल्याची खूण. बेव्हलचं माप अवयवाच्या निम्म्या जाडीपेक्षा मोठं झालं की वरचा सपाट भागच उरत नाही, आणि अनुस्वार नुसता गोळा होतो. सोन्यासाठी जाड, सारख्या वजनाचा फॉन्ट घ्या. कोरल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी अक्षरं कर्व्ह, म्हणजे नुसते आकार, करून (वरच्या कर्व्ह्जशी याचा संबंध नाही) मग वेल्ड, म्हणजे एकसंध, करून घ्यावीत. नाहीतर शिरोरेषा जिथे दोन अक्षरांत जुळते तिथे आउटलाइनचा उभा सांधा दिसतो.

रेडीमेड स्टाइल मिळतात, एआयही आहे. मग एवढं कशाला शिकायचं?

रेडीमेड स्टाइल म्हणजे कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेले इफेक्ट. त्यांतली मापं पिक्सेलमध्ये असतात. पाचशे पिक्सेलच्या अक्षरासाठी बनवलेली स्टाइल पाच हजारांच्या अक्षराला लावली तर कडा केसाएवढी होते. स्केल इफेक्ट्सने ती वाढवता येते, पण किती वाढवायची हे ठरवायला काय दिसायला हवं ते माहीत असावं लागतं. एआयची चित्रं सुंदर येतात, मात्र देवनागरीतली जोडाक्षरं आणि मात्रा त्यांत अजूनही बऱ्याचदा चुकतात. देणगीदाराचं नाव चुकलेलं कुठलं मंडळ चालवून घेईल? पार्श्वभूमी हवी तर एआयकडून घ्या, नाव स्वतः लिहा.

फोटोशॉपचं भाडं परवडत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. जिंप मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्ये वर सांगितलेले थराचे इफेक्ट जवळजवळ तसेच मिळतात.

फ्लेक्सवर नेमकं काय हरवतं?

स्क्रीन स्वतः उजेड फेकते. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे मिसळून ती रंग दाखवते. फ्लेक्सचं मशीन सायन, मॅजेन्टा, पिवळी आणि काळी अशा चार शाया टाकतं. त्यात धातूचा कण नसतो. सगळ्यात उजळ जागा म्हणजे शाई न टाकलेला पांढरा फ्लेक्स, आणि तो चौकातल्या उजेडापेक्षा जास्त उजळ होऊ शकत नाही. शिवाय शाई थोडी पसरते, बारीक पट्टे एकमेकांत मिसळतात. आठ पट्ट्यांचं नाजूक सोनं पंधरा फुटांवरून एक सरासरी पिवळा रंग होऊन बसतं. हीच ती हळद.

त्यामुळे फ्लेक्ससाठी सोनं वेगळं करावं लागतं. पट्टे कमी आणि रुंद ठेवा, तीन-चार पुरे. उजळ आणि गडद यांतला फरक स्क्रीनवर जरा भडक वाटेल इतका वाढवा. सगळ्यात महत्त्वाची पार्श्वभूमी. भगव्या किंवा पिवळ्या रंगावर सोनेरी नाव मरतं, मग ते कितीही कौशल्याने केलेलं असो. गडद मरून, काळपट निळा किंवा काळा घ्या, तेच सोनं दुप्पट उजळ वाटतं. मंडळांना भगवाच हवा असतो हे मान्य. मग नावामागे गडद पट्टी तरी द्या. आणि मोठ्या कामाआधी त्याच मशीनवर फूटभर तुकडा छापून तो उन्हात बघा.

लग्नपत्रिकेवरचं सोनं खरोखर चकाकतं, कारण तिथे फॉइल असतं: पातळ फिल्मवर पिवळसर लाखेचा थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म थर. तापवलेल्या डायने, म्हणजे धातूच्या ठशाने, ते कागदावर दाबतात. सोनं त्यात नसतं, पण धातू असतो, आणि पत्रिका हातात फिरवली की त्यात तुमच्या खोलीतली ट्यूब सरकते. त्यामुळे फॉइलसाठी फाइल देताना ग्रेडियंट, बेव्हल, सावली सगळं काढा. नुसता सपाट काळा आकार द्या. त्यावरून डाय बनते. ग्रेडियंटवाली फाइल दिली तर छापखाना ती परत पाठवेल.

दागिन्यांच्या फोटोंचं काय?

जे तंत्र नाव चमकवतं, तेच दागिन्याचा फोटोही बदलतं. मिश्रणात चांदी जास्त असेल तर सोनं फिकट, किंचित हिरवट दिसतं. तांबं जास्त असेल तर लालसर. १८ कॅरेटमध्ये सोनं हजारात ७५० भाग, २२ कॅरेटमध्ये ९१६. हा फरक फोटोत एका स्लायडरने पुसता येतो, आणि पुसला आहे हे ओळखणं जाणत्यालाही अवघड जातं. धूळ काढणं, पार्श्वभूमी स्वच्छ करणं यात गैर काही नाही. धातूचा रंग बदलून विकायला ठेवणं मात्र मला फसवणूक वाटते, आणि असं काम सांगितलं तर डिझायनरने नाही म्हणावं.

मोबाइलवर फोटो पाहून दागिना पसंत केला तरी पैसे देण्याआधी त्यावरचा एचयूआयडी बघा. हा सहा अंकी-अक्षरी क्रमांक प्रत्येक नगाचा वेगळा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याच्याशिवाय विकता येत नाही. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये "व्हेरिफाय एचयूआयडी"वर तो टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता आणि हॉलमार्क कुठल्या केंद्रात झाला ते समोर येतं. ॲपवर अंगठी दिसत असेल आणि तुमच्या हातात पाटली असेल, तर तिथेच थांबा.